खेळात घेतलेलं मांजर

लाइट गेले की आमच्या गल्लीत मुलं बाहेर येतात. फिलिपिन्समध्ये याला ‘ब्राउनआउट’ म्हणतात, पूर्ण काळोख झाला तरी ब्राउनच. वायफाय मेलेलं, पंखा बंद, घरात भट्टी. मग एकेका दारातून एकेक मूल रस्त्यावर टपकतं आणि पाच मिनिटांत वीसेक जण जमतात. (घाबरू नका, ‘मोबाइलमुळे खेळ संपले’ असा निबंध मी लिहीत नाहीये. तो तुम्ही दहावीत लिहिलाय, मीही लिहिलाय, आणि दोघांनीही तो बहुतेक मोबाइलमध्ये बघून लिहिलाय.)

मी लास पिन्यासमध्ये राहते. मेट्रो मनिलाच्या दक्षिणेकडचं हे शहर. मेडिकलला आहे, चौथं वर्ष संपत आलंय. त्या संध्याकाळी मी दारातल्या पायरीवर पुस्तक घेऊन बसले होते आणि पुस्तक सोडून सगळं बघत होते. एका मुलीने घरातून पाण्याचा डबा आणला, वाकली आणि सिमेंटच्या रस्त्यावर बारीक धार सोडत सरळ रेघ ओढली. मग तिला समांतर दुसरी, तिसरी. मग मधोमध एक उभी. आयताचे चौकोन झाले. मी उठून उभीच राहिले, कारण ते आट्यापाट्यांचं मैदान होतं. निफाडजवळच्या आमच्या शाळेत सर फक्कीने आखायचे तसलं.

खेळाचं नाव पातिंतेरो. काही जण त्याला तुबिगान म्हणतात. तुबिग म्हणजे पाणी, रेघा पाण्याने मारतात म्हणून. एका संघाचे खेळाडू आडव्या रेघांवर उभे राहतात, त्यांनी पाय रेघेवरच ठेवायचे आणि तिथूनच हात लांबवून शिवायचं. एक जण मधल्या उभ्या रेघेवर पळतो, आपल्या सूरपाटीसारखा. दुसऱ्या संघाने सगळ्या रेघा चुकवत पलीकडे जायचं आणि परत यायचं. एकालाही हात लागला की अख्ख्या संघाचा डाव जातो आणि ते रेघांवर उभे राहतात. आपल्याकडे याला सरावलेली मंडळी आहेत, त्यामुळे जास्त समजावत नाही.

पण मी जे बघितलं ते वेगळंच. चार-पाच वर्षांची एक पोरगी, केसांत गुलाबी क्लिप, पायात मोठ्या बहिणीच्या चपला, सगळ्या रेघा ओलांडत सरळ चालत गेली. पळाली नाही, चालली. रेघेवरच्या मुलांनी तिला वाट दिली. एकाने तर हात मागे बांधले. ती पलीकडे पोचली, दोन्ही हात वर केले, ओरडली, परत आली. कोणी गुण मोजला नाही. कोणी तिच्याकडे बघितलंही नाही.

मी घरमालकीणबाईंना विचारलं. त्यांना सगळे तिता म्हणतात, म्हणजे मावशी. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “सालिंग पुसा.”

साली म्हणजे खेळात सामील होणं. पुसा म्हणजे मांजर. मुलं खेळत असली की घरातलं मांजर मधूनच येतं, पायांत लुडबुडतं, रेघेवर बसतं. त्याला हाकलत नाहीत आणि मोजतही नाहीत. तसं ते मूल. खेळात आहे, पण त्याच्यावर डाव येत नाही.

आणि मी तिथेच, त्या अंधारात, मराठीत म्हणाले, “दूधभात.”

तुमच्याकडे कदाचित लिंबूटिंबू म्हणत असतील, किंवा कच्चा लिंबू. याच नावाचा, एका विशेष मुलाच्या आईबाबांवरचा मराठी सिनेमाही २०१७ मध्ये येऊन गेला. आमच्या वाड्यात दूधभात म्हणायचे. हजारो किलोमीटर लांबच्या दोन गल्ल्यांतल्या मुलांना एकच अडचण आली आणि दोघींनी एकच तोडगा काढला: खेळण्याइतकं मोठं नाही पण घरी पाठवलं तर रडेल, अशा पोराचं काय करायचं? त्याला आत घ्यायचं आणि मोजायचं नाही. किती शहाणी मुलं, असं मला क्षणभर वाटलं. मग ओमू आठवला आणि ते वाटणं थांबलं.

ओमू माझा धाकटा भाऊ. माझ्याहून चार वर्षांनी लहान, सातव्या महिन्यात जन्मला. उजवा पाय ताठ, टाच टेकत नाही, पळताना अंग एका बाजूला फेकलं जातं. डोकं मात्र माझ्याहून तल्लख, हे मी कधीच त्याला सांगितलेलं नाही. आईची अट होती: खेळायला जायचं तर त्याला घेऊन जा, नाहीतर तूही घरी बस. आता दहा वर्षांच्या मुलीने काय करावं? मी वाड्यातल्या पोरांशी तह केला. “हा दूधभात. याला कोणी आऊट करायचं नाही.” पोरं चांगली होती. सगळे हो म्हणाले. आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला. आई शेजारणींना सांगायची, बघा, कशी सांभाळून घेते भावाला.

दोन वर्षं सगळं छान चाललं. मग त्याच्या आठव्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही डोंगर-पाणी खेळत होतो. (हाही खेळ इथे आहे. नाव लांगित-लुपा, आकाश आणि जमीन. उंचावर असाल तर आकाशात, कोणी शिवू शकत नाही. खाली आलात की जमिनीवर, सापडलात. आपल्याकडे डोंगर सुरक्षित, त्यांच्याकडे स्वर्ग. कोकणातल्या मैत्रिणीला हे सांगितलं तर म्हणाली, आमच्याकडे दोन्ही एकच.) ओमू ओट्यावरून उतरून दुसऱ्या पायरीकडे जात होता आणि ज्याच्यावर राज्य होतं तो मुलगा पळता पळता त्याला धडकला. ओमू थांबला. तिथेच उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, “मी आऊट. माझ्यावर राज्य.”

सगळे हसले. वाईट हसले नाहीत, हे मला आजही नीट आठवतं. मायेने हसले. कोणीतरी त्याच्या केसांतून हात फिरवला. “अरे, तू दूधभात ना! जा, पळ.” आणि खेळ पुढे सुरू झाला, मीही पळाले.

रात्री अंथरुणात त्याने विचारलं, “ताई, माझ्यावर राज्य कधी येणार?”

मी म्हटलं, “वेड्या, राज्य येणं चांगलं नसतं. आपण काय ते चुकवायला पळतो ना?”

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मग तुमच्या सगळ्यांवर का येतं?”

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. पायरीवर बसून त्या गुलाबी क्लिपवालीकडे बघताना लक्षात आलं की अजून नाही.

शब्दांकडे बघा. ज्याच्यावर डाव येतो त्याला आपण म्हणतो, याच्यावर राज्य आलं. सगळे पळतात, लपतात, चिडवतात, हा एकटा मध्ये घाम गाळतो, आणि याला राज्य म्हणायचं! टागालोगमध्ये अशा मुलाला ‘ताया’ म्हणतात. आणि ताया या शब्दाचा दुसरा अर्थ आहे पैज, पणाला लावलेली रक्कम. लॉटरीच्या दुकानात, कोंबड्यांच्या झुंजीत, लोक जे लावतात ते ताया. मला हा शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. मध्ये उभं राहिलेलं मूल म्हणजे आम्ही सगळ्यांनी मिळून पणाला लावलेली वस्तू. आज ते, उद्या मी.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते तुम्बांग प्रेसोमध्ये. एक रिकामा डबा, बहुतेक दुधाच्या पावडरचा, गोलात उभा करतात. ताया त्याची राखण करतो. बाकीचे लांबच्या रेघेवरून आपली चप्पल फेकून तो डबा पाडायचा प्रयत्न करतात. लगोरीसारखंच, पण चेंडू सगळ्यांचा मिळून एक असतो आणि चप्पल ज्याची त्याची. नेम चुकला तर तुमची चप्पल तायाच्या हद्दीत पडते आणि तुम्ही एका पायात चप्पल घालून उन्हात तापलेल्या सिमेंटवर उभे असता. कोणीतरी डबा पाडला की सगळे आपापल्या चपलेकडे झेपावतात. ताया आधी डबा जागेवर उभा करतो आणि मगच शिवू शकतो. तेवढाच वेळ तुमच्या हातात. सापडलात की तुम्ही ताया. म्हणजे फेकायच्या आधीच प्रत्येकाने काहीतरी लावलेलं असतं. त्या छोटीलाही फेकू देतात. तिची चप्पल दोन हातांवर पडते, आणि ताया स्वतः ती उचलून तिला आणून देतो.

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७८ मध्ये ‘द ग्रासहॉपर’ हे पुस्तक लिहिलं. त्यात त्याने खेळाची जी व्याख्या केली तिचा सारांश असा: ज्यांची काही गरज नाही असे अडथळे आपणहून स्वीकारायचे आणि ते पार करायला धडपडायचं, म्हणजे खेळ. डबा हाताने पाडता येतो, चालत जाऊन. पण आपण ठरवतो की नाही, लांबून, चपलेनेच. हे मान्य केलं तर सालिंग पुसा खेळतच नाहीये. तिच्यासमोर अडथळाच नाही. ती मैदानात आहे, एवढंच.

पण मग ती इतकी खूश का होती? दोन्ही हात वर करून ओरडली, ते खोटं नव्हतं. इथे मला सूट्स अपुरा वाटायला लागतो. चार वर्षांच्या मुलाला खेळ नको असतो, मोठ्यांच्यात असणं हवं असतं. ते तिला मिळालं. आणि आत राहून ती शिकत होती; रेघेवर पाय कसा सरकवायचा, हुलकावणी कशी द्यायची, भांडायचं कधी. वर्ष-दोन वर्षांत तिला हे मांजरपण नकोसं होणार आणि ते गळून पडणार. तिच्यासाठी ती खोली आहे, दुसऱ्या बाजूला दार असलेली. ओमूच्या खोलीला मी दारच ठेवलं नव्हतं. तो सहाचा होता तेव्हाही दूधभात, आठचा झाला तरी दूधभात, आणि माझ्या डोक्यात तो पंधराचा झाल्यावरही दूधभातच असणार होता, कारण पाय काही सरळ होणार नव्हता. शब्द तोच, दया तीच. पण एकीला ती वाढायला वेळ देत होती आणि दुसऱ्याला सांगत होती की तुझं वाढणं आम्ही मोजणार नाही.

पी. एफ. स्ट्रॉसन या इंग्रज तत्त्वज्ञाचा १९६२ चा एक निबंध आहे, ‘फ्रीडम अँड रिझेंटमेंट’. रागावर लिहिलेलं इतकं शांत मी दुसरं काही वाचलेलं नाही. तो म्हणतो त्याचा मतितार्थ असा की आपण माणसांकडे दोन तऱ्हांनी बघतो. एक, आपल्यासारखाच एक म्हणून: त्याच्यावर चिडतो, रुसतो, त्याचे आभार मानतो, त्याला माफ करतो. दुसरी तऱ्हा म्हणजे त्याला हाताळायची, सांभाळायची, उपचार करायची बाब समजणं. तेव्हा राग येत नाही. राग येत नाही हे वरून चांगलं दिसतं, पण राग येण्यालायक धरलं नाही, हाही त्याचा अर्थ असतो. लहान मुलांबद्दल त्याने म्हटलंय की पालक या दोन तऱ्हांच्या मध्ये कुठेतरी असतात आणि मूल वाढेल तसतसे पहिल्या तऱ्हेकडे सरकतात. सरकतात, हे महत्त्वाचं. वाड्यातल्या पोरांचं ते मायेचं हसू मी इतकी वर्षं कुरवाळत होते. स्ट्रॉसन वाचल्यावर ते जरा टोचायला लागलं.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, त्याला सगळ्यांसारखंच राज्य द्यायला हवं होतं? दिलं असतं तर ते त्याच्यावरच राहिलं असतं, दिवेलागणीपर्यंत. तो कोणालाच पकडू शकला नसता. आम्ही त्याला पिदवला असता आणि वर म्हटलं असतं, नियम सगळ्यांना सारखे. सारख्या नियमांनी माणसाला किती सभ्यपणे चिरडता येतं हे शाळेत गेलेल्या कोणालाही सांगायची गरज नाही. म्हणजे नियमात घ्यावं तर छळ, नियमातून वगळावं तर अपमान. मी यात बराच काळ अडकले होते. त्यातून बाहेर काढलं ते इथल्याच दुसऱ्या एका खेळाने.

लुक्सोंग तिनिक. तिनिक म्हणजे काटा, आणि हा उड्यांचा खेळ. दोघी समोरासमोर पाय पसरून बसतात, तळव्याला तळवा लावून. बाकीच्या त्यावरून उडी मारतात. मग पायाच्या बोटांवर दुसरी टाच चढते, त्यावर पुन्हा पाय, मग त्यावर हात, बोटं फाकवून, काट्यांसारखी. काट्याला स्पर्श झाला की संपलं. यात प्रत्येक संघाची एक ‘नानाय’ असते, म्हणजे आई. सगळ्यात उंच उडी मारणारी असते ती. संघातली एखादी मुलगी चुकली, काट्याला लागली, तर नानाय तिच्या वाटची उडी मारते. जमली तर ती मुलगी वाचली. नाही जमली तर भोगा.

हे दूधभातासारखं दिसतं, पण नाही. दूधभातात चूक झालीच नाही असं धरतात. इथे चूक होते, सगळे ती बघतात, ती मोजली जाते, आणि मग कोणीतरी ती आपल्या पायांनी फेडतं. नानाय दमते. तिलाही काटा लागू शकतो, आणि मग तिच्यामुळे सगळ्यांचा डाव जातो. आमच्या वाड्यात ओमूला आत घेण्यासाठी कोणालाच काही द्यावं लागलं नव्हतं. मलाही नाही. एक शब्द उच्चारला आणि मोकळे झालो. त्या तहात सगळ्यात स्वस्तात सुटले होते मीच.

(याचीही एक अडचण आहे, ती लपवत नाही. दुसऱ्याने तुमच्या वाटची उडी मारणं म्हणजे तुम्ही मारणं नव्हे. ओमूला राज्य हवं होतं, वकील नको होता. ते पुढे येतंच.)

यात मी स्वतः कुठे होते, ते सांगते. या देशात भारतीयांना ‘बुम्बाय’ म्हणतात. बॉम्बेवरून आलेला शब्द. आपण निफाडचे असलो तरी बुम्बाय. पूर्वीपासून इथे मोटारसायकलवर फिरून व्याजाने पैसे देणारे पंजाबी लोक आहेत. पाच पेसो घ्या, सहा परत करा, म्हणून त्या धंद्याचं नावच फाइव्ह-सिक्स. मूल जेवत नसलं तर आई सांगते, बुम्बाय घेऊन जाईल हं. दक्षिणेकडच्या सेबुआनो भाषेत तर कांद्याला बॉम्बे म्हणतात. कांद्याच्या पट्ट्यातून आलेल्या मुलीला हे ऐकून हसावं की रडावं कळेना.

वॉर्डात ड्यूटी सुरू झाली तेव्हा माझं टागालोग भाजी आणण्यापुरतं होतं. पेशंटची हिस्ट्री घ्यायला माझ्या ग्रुपमधली मुलं पुढे व्हायची. “तू बस, आम्ही विचारतो, तू लिही.” फार गोड मुलं. रात्री चुका झाल्या की वरचे डॉक्टर एकेकाला उभं करून झापायचे, माझ्यापाशी आले की सूर बदलायचा, इंग्रजीत, हळू, “इट्स ओके.” दोन महिने मला वाटलं, आपलं नशीब. मग एका रात्री ग्रुपमधली एक मुलगी झापून घेऊन बाहेर आली, डोळे पुसत, आणि बाकीच्या चौघांनी तिच्याभोवती कोंडाळं केलं. सगळे त्या डॉक्टरांची नक्कल करून हसायला लागले. मी फाइल घेऊन बाजूला उभी होते. कोणी मला ढकललं नव्हतं. फक्त त्या हसण्यात मला काही बोलण्यासारखं नव्हतं, कारण मला कोणी झापलेलंच नव्हतं. मांजर रेघेवर बसलं होतं.

विर्जिलियो एन्रिकेझ या फिलिपिनो मानसशास्त्रज्ञाने इथल्या भाषेतल्याच शब्दांमधून इथल्या माणसांचं मानसशास्त्र उभं करायचा प्रयत्न केला. त्याचा मधला शब्द ‘काप्वा’. ‘इतर’ असं भाषांतर करतात ते चुकीचं. काप्वा म्हणजे मी आणि तो यांतलं जे सामाईक आहे ते. त्याने माणसांमधल्या व्यवहाराच्या पायऱ्या मांडल्या आहेत. खालच्या पायऱ्या ‘इबांग ताओ’साठी, म्हणजे परक्यासाठी, वरच्या, जो परका नाही त्याच्यासाठी. माझ्या मनात बसलं ते हे: ‘पाकिकिलाहोक’, म्हणजे सहभागी होणं, ही पायरी त्याने परक्यांच्या बाजूला ठेवली आहे. सहभागी होऊनही माणूस परका राहू शकतो. गोतावळा, गुंतणं, एक होणं, हे सगळं त्याच्या पुढे येतं.

मी टागालोग शिकायला लागले, रडतखडत. तीन महिन्यांनी एका रात्री मी एका आजोबांच्या लघवीची नोंद दर तासाला करायची सोडून दोनदा विसरले, आणि वरच्या डॉक्टर सगळ्या वॉर्डासमोर माझ्यावर ओरडल्या. टागालोगमध्ये, भरभर, एक शब्द सोपा न करता. अर्ध्याहून जास्त कळलं. चूक माझीच होती, आणि ती साधी नव्हती. हात थरथरत होते. पहाटे कॅन्टीनमध्ये त्याच मुलीने माझ्यापुढे तिच्या भाताची वाटी सरकवली आणि डॉक्टरांची नक्कल करून दाखवली, आणि मग माझ्या चेहऱ्याची.

त्या दिवशी ओमूला फोन केला. तो आता एकोणीस वर्षांचा आहे, मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात काम करतो आणि बाहेरून बी.कॉम. करतो. मी विचारलं, “तुला आठवतं, तू म्हणाला होतास, माझ्यावर राज्य कधी येणार?”

“आलं ना,” तो म्हणाला.

“कधी?”

“तू होस्टेलला गेलीस त्या वर्षी. पक्याने दिलं.”

हा पक्या वाड्यातला सगळ्यात उर्मट पोरगा. ओमूच्या चालण्याची नक्कल करायचा, त्याला नाव ठेवलेलं होतं, ते मी इथे लिहिणार नाही. मी त्याला एकदा दगड मारला होता. ओमूने सांगितलेलं असं: एकदा लपाछपीत ओमूने कोण कुठे लपलंय हे ओरडून सांगून टाकलं, दूधभात असल्यामुळे त्याला कोणी काही म्हणेना. पक्या भडकला. म्हणाला, “याला काय लाडाचं करून ठेवलंय? चिडी खातो. राज्य घे.” बाकीचे म्हणाले, अरे त्याला पळता येत नाही. पक्या म्हणाला, “मग याच्यावर राज्य असलं की सगळ्यांनी लंगडी घालायची.” तेवढंच. पुढची तीन वर्षं वाड्यात तो नियम होता.

मी बराच वेळ बोलले नाही. ज्याला मी दुष्ट म्हणत आले त्याने दहा सेकंदांत जे केलं ते मला दोन वर्षांत सुचलं नव्हतं. आणि त्याला ते दयेतून सुचलं नव्हतं, रागातून सुचलं होतं. यावरून चिडवणारी मुलं बरी असतात असं काही मी म्हणणार नाही, पक्याने दिलेलं ते नाव ओमूला अजून ऐकू येतं. पण त्याने ओमूवर चिडून आधी त्याला खेळाडू धरलं, आणि मग खेळाडू धरल्यामुळे नियम बदलणं भाग पडलं. मी उलट्या टोकापासून सुरुवात केली होती आणि तिथेच थांबले होते.

“मग माझं दूधभात वाईटच म्हणायचं का?” मी विचारलं. विचारताना आवाज जरा लागलाच.

“तसं नाही गं. तू दूधभात केलं नसतंस तर मी ओट्यावरच बसून राहिलो असतो. पक्याला मी दिसलोच नसतो.” मग म्हणाला, “पण तू काढायला विसरलीस.”

आणि लगेच विषय बदलून त्याने बीजीएमआयबद्दल सांगायला घेतलं. नवीन खेळणाऱ्याला सुरुवातीच्या मॅचेसमध्ये खऱ्या माणसांऐवजी बरेचसे बॉट्स देतात, जिंकून बरं वाटावं म्हणून. त्याला हे कळलं तेव्हा आधी मिळवलेल्या चिकन डिनरची लाज वाटली म्हणे. “म्हणजे बघ, कंपनीनेपण दूधभात केलं,” तो म्हणाला आणि हसला.

मागच्या ऑगस्टमधली गोष्ट. ऑगस्ट इथे भाषेचा महिना असतो, शाळांमध्ये जुन्या खेळांचे सामने ठेवतात, म्हणून गल्लीत लाइट असतानाही पातिंतेरो रंगला होता. गुलाबी क्लिपवाली आता सहा वर्षांची. ती रेघेकडे चालत गेली नाही, पळाली, आणि पहिल्याच रेघेवर सापडली. कोणीतरी सवयीने म्हणालं, सालिंग पुसा, सालिंग पुसा. तिने पाय आपटला. मी आता मांजर नाही, म्हणाली. मग संघाचा डाव गेला, मोठी मुलं तिच्यावर करवादली, आणि तिला रडू फुटलं, कारण तेवढं काही तिला अपेक्षित नव्हतं. बहिणीकडे बघितलं. बहिणीने खांदे उडवले आणि तिला शेवटच्या रेघेवर नेऊन उभं केलं. नाक ओढत ती उभी राहिली, दोन्ही हात पसरून.

एक मुलगा जेवायला घरी गेला आणि एक जण कमी पडला. “आते!” त्यांनी मला हाक मारली. आते म्हणजे ताई. पहिल्या वर्षी मला वाटायचं आत्या म्हणतात. मी स्लीपर काढून ठेवल्या. पहिली रेघ चुकवली, दुसरी चुकवली. तिसरीवर ती छोटी होती. मी तिला हलकीशी हुलकावणी दिली, सहा वर्षांच्या मुलीला देतात तशी, आणि तिने माझ्या कुर्त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

“ताया आंग बुम्बाय!” अख्खी गल्ली ओरडली. बुम्बायवर राज्य!

माझ्या संघात एक अकरा वर्षांचा मुलगा होता. तो दोन्ही हात डोक्यावर मारून माझ्यावर असा काही चिडला की मला अर्धं कळलंच नाही. हलकी हुलकावणी का दिली, एवढं कळलं. मग त्याने बोटाने मला माझी रेघ दाखवली. उन्हाने ती वाळत आली होती, नेमकी कुठे आहे यावरून लगेच भांडण सुरू झालं, आणि ती छोटी पाण्याचा डबा आणायला घरात पळाली.